विसळलेली बाटली

बिभीषण म्हंजी माझा पाठचा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगतो, कारन आमाला दोघास्नी शेजारी हुभं केलं तर हे एका आईचे हायेत आसं कुनी म्हननार न्हाई. मी चारचौघांत गेलो की खुर्ची आपसूक मोकळी हुती. त्यो गेला तर बसल्याली खुर्ची दुसऱ्याला देतो, आन् वरनं त्यालाच म्हनतो, "तुमाला हुभं ऱ्हावं लागलं, माझ्याकडनं चुकलं."

माझं नाव सहादेव. नेवाशाच्या खालच्या अंगाला, प्रवरंच्या काठानं आमची वस्ती. वस्तीच्या फाट्यावर उतरून सहादेवभाऊचं घर कोन्तं म्हनून इचारा, बारकं पोरगंबी हात धरून आनून सोडंल. मी सातवी पास. पन गोठा बघा. सोळा गाया, समद्या म्या सोता घोडेगावच्या बाजारातनं पारखून आनल्याल्या. येपारी मला बघितला की भाव सांगताना आवंढा गिळतो. ह्ये मी माझं कवतिक म्हनून सांगत न्हाई. हाय त्ये हाय.

पन आज बिभीषणाचं सांगायचंय.

काही मान्सं नशीब घिऊन जलमत्यात, ह्यो मानूस जलमला त्योच चुकी घिऊन. चुकी कुनाचीबी आसो, तोंड ह्याचं उतरतं. धाव्वीला इंग्रजीत नापास झाला, तर बाकीची पोरं सरांला शिव्या देत हुती आन् ह्यो सरांच्या घरी गेला, माफी मागाया. सरांनी चहा पाजला आन् म्हनले, "अरे, तू नापास झालास तर मला काय झालंय?" ह्यो म्हनला, "तुमी यवढं शिकवलं आन् मी वाया घालवलं." टीव्हीवर म्याच बघताना ह्यो पानी प्यायला उठला आन् तेवढ्यात आपली इकेट पडली, तर ह्यो उरल्याला समदा म्याच दारात हुभा राहून बघतो, बसत न्हाई. त्याची बायको रेश्मा म्हनती, "लग्नाच्या अक्षता टाकताना एका म्हातारीच्या डोळ्यात तांदूळ गेला, ती आजून ह्यांच्या सपनात येती." ती हासत सांगती, पन खोटं न्हाई त्ये.

त्याला पंचायतीत चिकटवला म्या. सरपंच माझ्या शब्दाभाईर न्हाई. पानी सोडायचं काम. सकाळी टाकी भरायची, पावडर कालवायची, येळंवर नळ सोडायचे, कुठं पाइप फुटला तर चिखलात उतरायचं. ती पांढरी पावडर, जिच्या वासानं नाकात झोंबतं, तिला टीसीएल म्हनत्यात. म्हनून बाया बिभीषणालाच टीसीएल म्हनत्यात. "आला गं टीसीएल, हंडे आना." त्याला त्याचं काय न्हाई.

पानी तपासायला न्यायचं कामबी त्याच्याकडंच हाय. त्याला सरकारी नाव हाय, जलसुरक्षक. मी पाव्हन्यारावळ्यांत सांगताना म्हनतो, आमचा बिभीषण सुरक्षक हाय. कुनाला वाटतं पोलिसात हाय, कुनाला वाटतं मिलटरीत. वाटू द्यावं. हर इहिरीचं, हर बोअरचं पानी बाटलीत भरायचं, बर्फाच्या थर्माकोलच्या डब्यात ठिवायचं आन् तालुक्याच्या लॅबात नेऊन द्यायचं. तिथं देवश्री मॅडम हायेत. त्या पान्यात कोलीफॉर्म हायेत का बघत्यात.

यवढा जड शबूद, पन आमचा बिभीषण दूध मागितल्यागत सहज बोलतो. एकदा नळावर बायास्नी समजावून सांगत हुता. मी गोठ्याकडनं ऐकत हुतो.

"कोलीफॉर्म म्हंजी जंतू. मान्साच्या, जनावराच्या आतड्यात ऱ्हात्यात. शेनात, इष्ठेत. त्ये सोता लई वंगाळ न्हाईत समदे. पन पान्यात घावले का समजायचं, घानीला पान्यात यायला वाट मिळालीया. आन् एकदा वाट मिळाली का मग तिच्यानं कायबी यील. कावीळ यील, हागवन यील."

गोजरबाई, आमच्या शेजारची म्हातारी, हंडा कमरंवर घिऊन म्हनली, "मंग त्या कावीळीलाच शोध ना बाबा. ह्या गरिबांला कशाला धरतो?"

"काकू, उसात बिबट्या आला तर तुमी त्यो दिसायची वाट बघता का? पाटाच्या चिखलात पायाचा ठसा दिसला का पोरं, शेरडं आत घेता न्हवं? त्यो ठसा म्हंजी कोलीफॉर्म."

"बिबट्या तरी दिसतो कवातरी. तुझ्या जंतूला बघितलं का कुनी?"

"मॅडमनी बघितलंय."

"मंग मॅडमलाच म्हनावं पोरं आत घी," म्हातारी म्हनली, आन् समद्या हासल्या. बिभीषणबी हासला. मला मनातनं लई बरं वाटलं. भाऊ माझा, बोलतो माझ्यावानी, फकस्त आवाज बारीक.

आता माझ्या इहिरीचं सांगतो. गावची जुनी बोअर आटली, तवा वस्तीला पान्याचे हाल झाले. म्या कुनी मागायच्या आधी सांगितलं, माझ्या इहिरीवरनं पाइप टाका. फुकट. शिमिटाचा कठडा घेतला, वरनं लोखंडी जाळी मारली, पारवासुदिक आत जायला नगं. वस्तीचा हरिनाम सप्ता बसतो, सात दिस, रोज पंगती. त्याचं पानी तवापसनं माझ्याच इहिरीचं. मंडपात फळ्यावर लिव्हत्यात, आज अमक्याची आमटी, तमक्याच्या भाकरी, आन् समद्यात वर, पान्याची सेवा सहादेवभाऊ. सात दिस त्ये नाव पुसत न्हाई. बाकीची रोज पुसत्यात.

सप्त्याच्या दिसांत मी त्या पान्यात पावडर टाकू देत न्हाई. वेगळा पाइप, थेट इहिरीतनं मंडपात. पावडरीच्या वासानं आमटीची चव जाती आन् परसादाला दवाखान्याचा वास येतो, आसं वस्तीतल्या जान्त्या मान्सांचं म्हननं पडलं. जान्ता म्हंजी मीच.

औंदा सप्ता बसायच्या आधी बिभीषण बाटली घिऊन आला. "दादा, सप्त्याचं पानी थेट इहिरीतनं जानार, तर आधी तपासून घितो. मनाला खातंय."

"माझ्या इहिरीचं तुझ्या मनाला खातंय?"

"न्हाई दादा, माझंच माझ्या मनाला खातंय."

त्यो मोटरीच्या नळाकडं जातोय तवर मोबाईल वाजला. फाट्याला जेसीबीवाल्यानं पाइप फोडला हुता, समदं पानी रस्त्यानं चाललं हुतं. त्यानं डबा, बाटली आमच्या वट्यावर ठिवली. "दादा, मी आलोच. तवर ह्या बाटलीला कुनाला हात लावू देऊ नगा," आसं म्हनला आन् पळाला.

कुनाला म्हंजी पोरास्नी, बायास्नी. मला थोडंच म्हनला त्यो. आसं म्या समजलो.

मी त्याच टायमाला गोठ्यातनं भाईर आलो हुतो. एक गाय जड झाल्ती, तिचं वासरू आत आडवं. म्या हात घालून सरळ केलं, डाक्टर यीस्तवर वासरू भुईवर. ह्या पंचक्रोशीत ह्ये काम मलाच जमतं. हात पंचाला पुसले. वट्यावर बसलो. बिभीषण काय यीना. बर्फ इरघळाय लागला. त्याला बारा वाजायच्या आत तालुक्याला पोचवायचं आसतं ह्ये मला म्हाईत हुतं, न्हाईतर मॅडम बाटली घेत न्हाईत. म्हनलं, धाकट्याचं काम हाय, उगं त्याला बोल लागायचा. थोरल्यानं न्हाई करायचं तर कुनी?

बाटलीच्या तोंडाला खाकी कागूद, वरनं दोरा. सोडला. आत बघितलं, वास घेतला. भट्टीत भाजल्यागत वास. म्हनलं, कुठनं कुठनं ह्या बाटल्या येत्यात, काय ठावं कुनाच्या दवाखान्यातली आसंल. आमच्या आईनं आमाला येक शिकवलंय, बिगर इसळल्या भांड्यात पानी भरायचं न्हाई. पाव्हना दारात हुभा आसला तरी तांब्या इसळूनच. म्या नळ सोडला. बाटली इसळली. एकदा न्हाई, चांगली तीनदा. बोट घालून आतनं गळ्यापोतर घासली. मंग गच्च भरली, बूच लावलं, कागूद बांधला. त्याच्यापरीस गाठ माझी बरी बसली.

बिभीषण आला त्यो गुडघ्यापोतर चिखलानं भरल्याला. बाटली बघितली.

"दादा, तुमी भरली?"

"भरली. जा आता, येळ करू नगं."

त्यो हुभा राहिला. काय तरी बोलायला तोंड उघडलं. मंग माझ्याकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं, आन् म्हनला, "बरं झालं दादा. तुमाला तरास दिला." डबा गाडीला बांधला आन् गेला. त्याला इचारायचं हुतं. थोरल्या भावाला कसं इचारायचं, म्हनून गिळलं. आमच्या घरात आसं हाय, मी बोललो का बाकीचे गिळत्यात. मला ह्याचा अभिमान हुता.

सप्ता बसला. पाच-सा पंगती झाल्या. गोजरबाईचं पोट बिघडलं. बिभीषण तिच्या घरी जाऊन मीठ-साखरंचं पानी पाजत बसला, तिची भांडी घासली. ती त्याला म्हनली, "अरं मुडद्या, काल आमटी गोड लागली म्हनून तीनदा वाढून घेतली. तू का रडतोस?" पन ह्याचं तोंड उतरल्यालंच.

दुसऱ्या दिशी सकाळीच त्यो माझ्या गोठ्यात आला. गव्हानीपशी हुभा राहिला. वर बघंना.

"दादा, रिपोट आला."

"चांगलाच आसनार."

"न्हाई दादा. पिण्यास अयोग्य आलाय. कोलीफॉर्म घावलंत. लई."

माझं टाळकंच फिरलं. "कुनाची इहीर हाय ती, ह्ये त्या मॅडमला म्हाईत न्हाई काय? कठडा हाय, जाळी हाय, मुंगी आत जायाची तर मला इचारून जाईल. तिच्यात शेनाचे जंतू? गोठा खालच्या अंगाला, इहीर वरल्या अंगाला. शेन काय चढ चढून गेलं?"

"तेच तर मीबी रातंदिस इचार करतोय." त्यानं पायाच्या आंगठ्यानं भुई उकरली. "दादा, येक इचारू का? राग मानू नगा."

"इचार."

"त्या दिशी बाटली भरायच्या आधी... तिच्यात पानी घालून सांडलं हुतं का?"

"इसळली का म्हनतोस? मग? घान बाटलीत पानी भरतो व्हय मी?"

माझी बायको बनुबाई धारंची बादली घिऊन मागं हुभी हुती. तिला जीभ आवरत न्हाई. "तीनदा इसळली, भावजी. बोट घालून घासली. नुकता त्या गायीच्या पोटातनं हात काढला हुता. मी म्हनलं सुद्दा, साबन देऊ का. म्हनले, पंचाला पुसलाय."

बिभीषण मटकन खाली बसला, शेनातच. दोन्ही हात डोक्याला. मला वाटलं आता बोलतोय मला. बोलला आसता तर बरं झालं आसतं.

"त्या दिशी मला शंका आल्ती, दादा. बाटलीच्या तोंडाची गाठ येगळी दिसली. मी इचारायला पायजे हुतं. न्हाई इचारलं. माझ्यामुळं झालं ह्ये."

"त्यात तुझं काय? आन् झालं तरी काय? उलट सुटलो की. इहीर चांगली हाय, जंतू माझ्या हाताचे. फोन लाव मॅडमला. म्हनावं, रिपोट फाडून टाका."

त्यानं मान हालवली. "दादा, चिखलात ठसा घावलाय, त्यो तुमच्याच पायाचा आसंल. पन त्याच्याखाली बिबट्याचा दबला न्हाई, ह्ये कसं सांगू? रिपोट खोटा ठरला म्हंजी इहीर चांगली ठरत न्हाई. आता कायच कळत न्हाई, आसं झालंय."

त्यो लगेच दुसरी बाटली घिऊन आला. ह्या येळंला मी लांब हुभा, माझ्याच इहिरीवर हात मागं बांधून. त्यानं साबनानं कोपरापोतर हात धुतले. नळाच्या तोंडाला सपिरिटचा बोळा धरून पेटवला. मंग पानी सोडून दिलं, बराच येळ नुसतं वाहू दिलं. म्या म्हनलं पानी वाया चाललंय, तर "व्हय दादा" म्हनला, पन बंद केलं न्हाई. बूच काढलं त्ये हातातच उलटं धरलं, भुईवर ठिवलं न्हाई. बाटलीच्या आतल्या अंगाला वारासुदिक लागू न देता भरली. इसळली न्हाई, ती लॅबातनंच जंतू मारून, भाजून येती म्हनं. मला बघवंना. बिगर इसळल्याली बाटली आन् तिच्यात माझं पानी.

"येवढं आसतं व्हय?" म्या म्हनलं.

"येवढंच आसतं," त्यो म्हनला.

तालुक्याला जाऊन आला. मॅडम म्हनल्या हुत्या, रिपोट काल्याच्या दिशी सकाळी कळंल. जंतू वाढायला टाईम द्यावा लागतो. तवर पान्यात पावडर टाका, न्हाईतर त्ये पानी प्यायला देऊ नगा.

"दादा, येकच दिस. पावडर टाकतो. वास आला तर म्हनू, टाकी धुतली."

"परसादाच्या पान्यात पावडर पडनार न्हाई," म्या म्हनलं. "मी हितं कबूल करायचं का माझं पानी घान हाय? आन् तू टाकलीस तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगं."

त्यो हुभा राहिला. मंग इहिरीवर गेला. मंडपाकडं जानाऱ्या पाइपाचा वाल बंद केला आन् त्याची चावी काढून खिशात घातली. माझ्या डोळ्यांदेखत. चाळीस वर्सं माझ्याम्होरं ज्यानं मान वर केली न्हाई, त्यानं माझं पानी बंद केलं. म्या त्याला मारायला धावलो न्हाई येवढंच.

सांजच्याला मंडपात कळशा रिकाम्या. हरिपाठ झालता, कीर्तन बसायचं हुतं. गोरक्षनाथ म्हनून सप्ता कमिटीचा परमुख हाय. त्याला दोन वर्सापसनं वाटतंय, पान्याची सेवा आपल्या नावावर यावी. त्यानं आधीच टँकर सांगितला हुता, गावच्या टाकीवरनं, पावडर टाकल्याला. माईक हातात घिऊन म्हनला, "आजपसनं पान्याची सेवा बदलत हाय. कारन काय त्ये बिभीषणरावांनी सांगावं. उगं लोकांत चर्चा नगं."

बिभीषण उठला. माईक कसा धरायचा त्येबी त्याला ठावं न्हाई, त्यो छातीशी धरून बोलला.

"रिपोट वाईट आलाय. पन त्या बाटलीत चूक झालती. बाटली माझ्या ताब्यात हुती, चूक माझी हाय. दादाची इहीर चांगली हाय का वाईट, ह्ये आज मला ठावं न्हाई. ठावं न्हाई म्हनून बंद केली."

"म्हंजी चूक तुझी आन् तहान आमची?" कुनीतरी मागनं बोललं.

"काय चूक केली त्ये तर सांग."

"बाटली नीट भरली गेली न्हाई."

"भरली गेली न्हाई म्हंजी? भरली कुनी?"

मी पयल्या रांगंत, फेटा बांधून. त्यानं माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. बघितलं आसतं तर लोकास्नी कळलं आसतं, म्हनून बघितलं न्हाई.

"माझ्याकडनंच झालं," त्यो म्हनला.

"नावच बिभीषण ठिवलं, मंग दुसरं काय करनार," येकजन बोलला आन् मंडप हासला.

गोजरबाई बायांच्या अंगाला भिताडाला टेकून बसली हुती. तिचा आवाज आला, "माझ्या पोटाचं खापर कुनी त्याच्यावर फोडू नगा. माझं पोट आमटीनं गेलं, पान्यानं न्हाई." पन तिच्याकडं कुनी लक्ष दिलं न्हाई.

गोरक्षनाथानं माईक परत घेतला. "सप्त्याच्या परसादाशी खेळ झाला. नमुना भरायचं आन् पानी सोडायचं काम ह्या मान्साकडं ठिवायचं का न्हाई, ह्याचा इचार पंचायतीला करावा लागंल. उद्या काल्याला सरपंच येनार हायेत. त्यांच्याम्होरं इषय घेऊ."

"घ्या," बिभीषण म्हनला. "घ्यायलाच पायजे."

येवढं झालं, आन् मी बोललो न्हाई. इलेक्शनच्या सभेत ज्याचा माईक हिसकून घ्यावा लागतो त्यो मी. माझ्या तोंडात जीभ हुती का न्हाई ह्येबी मला आठवत न्हाई. नुसतं इतकं आठवतंय का फेट्याचा शेमला मी सारखा नीट करत हुतो. नोकरी जायची हुती त्याची, ती म्या लावून दिलेली, आन् घालवनाराबी मीच. येक वाक्य बोलायचं हुतं. चार शबूद. पन त्या चार शब्दांत माझा हात, माझी इहीर, माझी अक्कल समदं हुतं. कीर्तन सुरू झालं तसा मी टाळ्या वाजवू लागलो.

घरी बनुबाईनं ताट वाढलं. ती म्हनली, "धाकट्यानं तुमचा हात झाकला." आन् पान्याचा तांब्या म्होरं ठिवला. म्या पानी प्यालो. माझ्याच इहिरीचं. चव बघत प्यालो.

सकाळी धारा चालल्या हुत्या तवा बिभीषण पळतच आला. चप्पल येकाच पायात. मोबाईल हातात. मॅडम सुट्टीच्या दिशी मुद्दाम येऊन बाटली बघून गेल्या हुत्या.

"दादा. घावलं न्हाई. येकबी घावलं न्हाई. तुमची इहीर चांगली हाय." त्याचे डोळे भरल्याले, आन् हासतबी हुता. "मी इनाकारन तुमचं पानी बंद केलं. चला, आत्ताच वाल सोडतो, आन् काल्याच्या कीर्तनाआधी मंडपात सांगतो समद्यास्नी. इहिरीवर डाग नगं."

"काय सांगशील?"

"इहीर चांगली हाय. बाटली माझ्याकडनं बिघडली हुती."

"आन् सरपंचानं काढला तर?"

"काढला तर काढला, दादा. दुसरं काम बघू. तुमचं नाव फळ्यावर परत लागंल."

मी गायीखालनं उठलो. हात धुतले. बनुबाईनं न मागता साबन म्होरं केला. तिच्याकडं बघितलं न्हाई. फेटा बांधला न्हाई, तसाच उघड्या डोक्यानं मंडपात गेलो. बिभीषण मागं मागं, "दादा, तुमी बसा, मी सांगतो, तुमी नगा."

मंडप भरल्याला. सरपंच आल्याला. गोरक्षनाथाच्या हातातनं म्या माईक घेतला, त्यानं दिला, त्याला वाटलं मी इहिरीची बाजू मांडनार. सवयीनं मी सुरू पन तसंच केलं. म्हनलं, "ह्या वस्तीला पानी नव्हतं तवा कुनी दिलं, ह्ये समद्यास्नी ठावं हाय." समदे माना हालवाय लागले. मंग म्होरलं वाक्य यीना. म्या बिभीषणाकडं बघितलं. त्यो खांबाला धरून हुभा, मान खाली, जनू त्यालाच काय तरी ऐकून घ्यायचंय.

"रिपोट आलाय," म्या म्हनलं. "इहीर चांगली हाय. बाटली वाईट हुती. ती बाटली बिभीषणानं भरली न्हाई. म्या भरली. बोट घालून इसळली आन् भरली. माझा हात शेनाचा हुता."

टाळकरी टाळ धरून तसेच.

गोरक्षनाथानं इचारलं, "हात धुतला नव्हता व्हय, भाऊ?"

"पंचाला पुसला हुता."

आधी येक बाई हासली. मंग समदा मंडप. सरपंचबी, रुमाल तोंडाला लावून. मला उभ्या जन्मात कुनी हासलं न्हाई, म्हंजी माझ्याम्होरं न्हाई. कान तापले. बिभीषण खांब सोडून आला आन् त्यानं माझ्या हातातनं माईक काढून घेतला. आयुष्यात पयल्यांदा त्यानं माझ्या हातातनं काय काढून घेतलं.

"हासू नगा," त्यो म्हनला. "दादास्नी ठावं नव्हतं. म्या सांगितलं नव्हतं. त्यांची काय चूक न्हाई."

म्या माईक परत घेतला आन् म्हनलो, "सांगितलं हुतं. बाटलीला कुनाला हात लावू देऊ नगा म्हनून."